न मोजलेली पिढी: असेन्शन बेटावरच्या एका नेच्याचं प्रकरण

२००३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची जागतिक यादी) एका चिमुकल्या नेच्यापुढे ‘नामशेष’ असा शेरा पडला. त्याचं शास्त्रीय नाव अनोग्रामा असेन्शनिस. पानं पार्सलीच्या पाल्यासारखी कातरलेली, म्हणून बोलण्यात ‘पार्सली फर्न’. अख्ख्या जगात हा नेचा दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर आणि तिथेही एकाच डोंगरावर व्हायचा. १९५८ मध्ये एरिक डफी यांना तो दिसला होता, त्यानंतर कुणालाच दिसला नाही. शेरा पडून सहा वर्षं झाली आणि २००९ मध्ये त्याच डोंगराच्या एका कड्यावर बेटाचे संवर्धन अधिकारी स्टेडसन स्ट्राउड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फिल लॅम्बडन यांना त्याची रोपं सापडली. मोजून चार.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘मेलेला परत आला’ अशा थाटात सांगितली जाते. गोष्ट म्हणून ती छानच आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर जास्त उपयोगी प्रश्न दोन. इतकी वर्षं आपण नेमकं काय शोधत होतो? आणि चार रोपं हाताशी असताना पुढचा निर्णय कसा घेतला गेला? दोन्हींचं उत्तर नेच्याच्या अशा एका अवस्थेपाशी जातं, जी डोंगर चढणाऱ्या माणसाला सहसा दिसतच नाही.

बेट आणि धूळ

असेन्शन कुठल्याही खंडाला कधी जोडलेलं नव्हतं. समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखीचा हा माथा, वय साधारण १० लाख वर्षं. क्षेत्रफळ ९० चौरस किलोमीटरच्या आसपास. आफ्रिकेचा किनारा सुमारे १६०० किलोमीटर दूर, ब्राझीलचा त्याहूनही लांब, आणि त्यातल्या त्यात जवळचा शेजारी म्हणजे १३०० किलोमीटरवरचं सेंट हेलेना. अशा जागी झाड पोहोचायचं तर वारा, समुद्र किंवा पक्षी, एवढेच रस्ते. फणस किंवा ओक असल्या जडशीळ बियांच्या झाडांना इथे स्वतःहून येण्याची काही आशा नाही.

नेच्यांचं तसं नाही. त्यांना बी नसतंच. पानाच्या पाठीवर बारीक बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या असतात, आणि बहुतेक नेच्यांच्या बीजाणुधानीभोवती जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, कडं ताणत ताणत उलटं वाकतं आणि धानी फाटते. ताण सहन होईनासा झाला की पेशींतल्या उरल्यासुरल्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि कडं गलोलीसारखं झटक्यात परत येतं. आत साधारण ६४ बीजाणू असतात, ते हवेत फेकले जातात. एकेक बीजाणू म्हणजे एकच पेशी, धुळीच्या कणाएवढी. पुढचं काम वाऱ्याचं.

असेन्शनवर माणूस येण्याआधीची वनस्पतिसृष्टी या धुळीने किती घडवली, ते प्रदेशनिष्ठ जातींच्या यादीत दिसतं. फक्त याच बेटावर सापडणाऱ्या संवहनी (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पती १०, आणि त्यातले ६ नेचे. उरलेल्या चारांत दोन गवतं, एक युफोर्बिया आणि एक ओल्डनलँडिया. इतकं नेच्यांकडे झुकलेलं पारडं खंडावर कुठे बघायला मिळणार नाही.

पोहोचणं मात्र अर्धंच काम. बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. आधी उगवतो एक हिरवा पापुद्रा, बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचा, नखाहून लहान. हीच युग्मकोद्भिद पिढी. तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तिला पानं नाहीत, खरी मुळं नाहीत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत. नर आणि मादी इंद्रियं तिच्यावरच येतात. नरयुग्मकं (नर पेशी) शेपट्या हलवत पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात आणि फलन झालं तर त्या पापुद्र्यातून आपल्या ओळखीचा, पानांचा नेचा वर येतो. एकच बीजाणू बेटावर पडला तरी त्याच्या पापुद्र्यावरची दोन्ही इंद्रियं आपापसात काम भागवू शकतात. जनुकीय दृष्ट्या ही टोकाची स्वफलनाची रीत आहे, कारण नर आणि मादी युग्मकं हुबेहूब सारखी असतात. पण ओसाड बेटावर वसाहत करायला याहून स्वस्त उपाय नाही.

अनोग्रामाची खोड

बहुतेक नेच्यांत हा पापुद्रा आठवड्या-महिन्यांचा पाहुणा असतो. वर पानं आली की तो सुकतो. अनोग्रामा हा वंश याला अपवाद म्हणून प्रसिद्ध आहे. याच वंशातली अनोग्रामा लेप्टोफिला ही जात भूमध्य प्रदेशापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. तिच्यात उलटं चालतं. पानांचा नेचा थोड्याच महिन्यांत बीजाणू सांडून वाळून जातो आणि खालची पिढी मातीत बारीक गाठी करून कोरडा मोसम काढते. पुढच्या पावसाळी दिवसांत त्या गाठींतून पुन्हा हिरवेपणा फुटतो, फलन होतं, नवी पानं येतात. म्हणजे जिला आपण रोप म्हणतो ती हंगामी, आणि कायमची वस्तीला असलेली पिढी मातीच्या कणांत दडलेली.

असेन्शनच्या जातीचं जीवन त्या भावंडासारखं तंतोतंत चालतं असा माझा दावा नाही. पण अशा वंशातला नेचा शोधायला निघताना ही गोष्ट डोक्यात असायला हवी, एवढं नक्की. दुसऱ्या नेच्यांनी तर याहून मोठे धक्के दिले आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतला विटारिया अपालाचियाना फक्त पापुद्र्याच्या रूपातच माहीत आहे, पानांचं रोप तो करतच नाही. युरोपातला किलार्नी फर्न एकेकाळी हौशी लोकांनी उपटून उपटून विरळ केला होता. ब्रिटनमध्ये पुढे त्याची हिरवी लोकरीसारखी युग्मकोद्भिद पिढी अशा कित्येक खडकांच्या कपारीत सापडली, जिथे पान एकही नव्हतं.

एखादी जात ‘नाही’ म्हणताना आपण तिची एकच पिढी मोजलेली असते. झाडांच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. नेच्यांच्या बाबतीत बिघडू शकतं.

डोंगराचं काय झालं

या प्रकरणातलं सगळ्यात रंगतदार पात्र म्हणजे ग्रीन माउंटन. उंची ८५९ मीटर. आज वरचा भाग दाट हिरवा, ढगांत बुडालेला, बांबूने वेढलेला. बघणाऱ्याला वाटेल की मूळचं जंगल. त्यातलं जवळजवळ सगळं माणसाने लावलेलं आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी इथे १५०१ मध्ये आले आणि त्या शतकाच्या सुरुवातीलाच शेळ्या सोडल्या गेल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजं मटण मिळावं, ही कल्पना. दात आणि खूर असलेला प्राणी ज्या वनस्पतींनी कधी पाहिलाच नव्हता त्यांच्यावर तीन शतकं शेळ्या चरल्या. काय काय गेलं याची नोंद ठेवायला तेव्हा कुणी नव्हतं. १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं तेव्हा ब्रिटिश नौदलाने असेन्शनवर तळ टाकला. जुलै १८३६ मध्ये डार्विन येऊन गेला. त्याने पाहिलेल्या बेटावर झाडं अशी नव्हतीच. १८४३ मध्ये अंटार्क्टिकाच्या सफरीहून परतताना जोसेफ हूकर उतरला आणि त्याने या उघड्या डोंगराकडे पाणीपुरवठ्याच्या नजरेने पाहिलं. वर झाडं लावली तर ढगांतली वाफ अडेल, माती धरेल, पाणी वाढेल. त्याचे वडील विल्यम हूकर तेव्हा लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे संचालक. १८४७ मध्ये योजना कागदावर आली, १८५० पासून क्यूच्या मदतीने जहाजं भरभरून रोपं येऊ लागली. निलगिरी, नॉरफोक पाइन, बांबू, केळी. पेरू, आल्याच्या कुळातली शोभेची झाडं, रानटी रासबेरी असलं बरंच काही वेगवेगळ्या वेळी येऊन ठाण मांडून बसलं.

पार्सली फर्नला नाव देणाराही हाच विल्यम हूकर. त्याने तो जिम्नोग्रामा वंशात घातला होता, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डील्सने पुढे अनोग्रामात हलवला. म्हणजे एका हाताने या नेच्याची नोंद झाली आणि त्याच घरातून त्याचा डोंगर दुसऱ्या झाडांनी भरायची योजना निघाली. यात दुष्टावा शोधायचं कारण नाही. तळावरच्या माणसांना प्यायला पाणी हवं होतं, आणि प्रदेशनिष्ठ जाती वाचवायच्या असतात ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या गावी नव्हती.

नेच्याची अडचण या हिरवाईने कशी केली ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याला सावली नको होती असं नाही. त्याला हवी होती उघडी जागा: ओलसर, तीव्र उताराची, दुसऱ्या कुणी न बळकावलेली माती किंवा खडक. कारण बीजाणूला रुजायला आणि त्या नखाएवढ्या पापुद्र्याला पसरायला मोकळी जागा हवी. वर गवताची किंवा पाल्याची चादर पडली की पापुद्रा गुदमरलाच. आणि ग्रीन माउंटनच्या मोकळ्या कडांवर ही चादर घालणारा निघाला दुसरा एक नेचाच. आपल्याकडे ज्याला हंसराज म्हणतात त्या एडिअँटम वंशातली बाहेरून आलेली जात. काळ्या तकतकीत देठांची, कुंडीत दृष्ट लागेल अशी देखणी. डोंगराच्या भिंतीवर मात्र ती एकदा पसरली की खडकाचा वीतभर तुकडा मोकळा ठेवत नाही. १९७६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेंटिन क्रॉंक यांनी बेटाच्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा शोध घेतला तेव्हा पार्सली फर्न मिळाला नाही, आणि संशय या हंसराजावर गेला. तो संशय मला आजही बरोबर वाटतो. चुकलं ते त्याच्या पुढचं पाऊल.

आययूसीएनच्या नियमानुसार शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरली नसेल तेव्हाच ‘नामशेष’ लिहायचं. त्यासाठीचे शोध त्या जातीच्या जीवनचक्राला आणि जीवनप्रकाराला साजेशा काळात झालेले असावेत, हेही नियमातच आहे. एखाद्या फुटभर उंचीच्या झुडपासाठी ‘साजेसा शोध’ म्हणजे काय ते कळतं. काही सेंटीमीटरची पानं करणाऱ्या, कड्याच्या कपारीत राहणाऱ्या आणि ज्याची दुसरी पिढी भिंगाखेरीज ओळखू येत नाही अशा नेच्यासाठी तो शोध कसा असावा? माझ्या मते २००३ चा शेरा घाईचा होता. ‘अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष’ असं म्हणायची सोय त्या व्यवस्थेत आज आहे, आणि बेटांवरच्या बारक्या नेच्यांसाठी ती सढळ हाताने वापरायला हवी. कारण एकदा नामशेष म्हटलं की त्या नावाने डोंगर चढायला कुणी पैसे देत नाही.

चार रोपं, आणि काय करायचं

आता २००९. ग्रीन माउंटनच्या दक्षिणेकडे उतरणारी सुरीसारखी धार. खाली खोल उतार, पायाखाली भुसभुशीत ज्वालामुखी माती. जागा जवळजवळ उघडा, कोरडा खडक. नेहमीच्या पाहणीत तिथे एक बारीकसं पान दिसलं. शेजारी अजून तीन.

आपण त्या जागी आहोत असं धरू. रस्ते तीन.

पहिला, हात लावायचा नाही. लक्ष ठेवायचं, निसर्गाला काम करू द्यायचं. मोह पडतो, कारण चूक झाली तर ती आपली नसते. पण चार रोपांच्या वस्तीला एक कोरडा महिना, घसरलेली दरड किंवा वाट चुकलेली एक मेंढी पुरेशी असते.

दुसरा, रोपं उचलून रोपवाटिकेत न्यायची. बागेत काम करणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा हेच सुचेल. इथे ते घातक ठरलं असतं. खडकाच्या फटीत रुतलेली मुळं उपटताना रोप मरण्याची शक्यता मोठी. शिवाय रोप उचललं की त्याच्या बुडाशी असलेले पापुद्रेही त्या मातीबरोबर विस्कटणार. मोजलेली पिढी वाचवण्याच्या नादात न मोजलेली पिढी मारायची, असा तो सौदा.

तिसरा, रोपं जागेवर ठेवून त्यांचे फक्त बीजाणू घ्यायचे. शहाणपणाचा, पण सगळ्यात कटकटीचा. बीजाणू पिकेपर्यंत रोपं जगली पाहिजेत. पिकले की हवेत उडून जायच्या आत घेतले पाहिजेत. आणि घेतलेलं पान कुजायच्या आत निर्जंतुक प्रयोगशाळेत पोहोचलं पाहिजे, जी हजारो किलोमीटर दूर आहे.

तिसराच रस्ता निवडला गेला. स्ट्राउड आणि त्यांच्या सहकारी ऑलिव्हिया रेनशॉ दोराच्या आधाराने त्या उतारावर पुन्हा पुन्हा उतरत राहिले. रोपांना पाणी घातलं, भोवतीचं तण हाताने काढलं. ऐकायला सोपं वाटतं. दोराला लटकून, एका हाताने तोल सांभाळत, नखाएवढ्या पानाशेजारचं तण ते पान न दुखावता काढायचं, आणि हे दर थोड्या दिवसांनी. या प्रकरणावर लिहिणारे प्रयोगशाळेचं कौतुक जास्त करतात. मी असतो तर अर्ध्याहून जास्त श्रेय या पाणी घालण्याला दिलं असतं, कारण ते थांबलं असतं तर प्रयोगशाळेत पाठवायला काहीच उरलं नसतं.

पानं पिकली तेव्हा त्यांचे छोटे तुकडे कापून निर्जंतुक डब्यांत घातले गेले. बेटावर ब्रिटिश हवाई दलाची विमानं उतरत. विमान सुटायच्या बेताने तुकडे घेतले, ऑक्सफर्डशायरमधल्या ब्राइझ नॉर्टन तळावर ते उतरले, तिथून गाडीने थेट क्यूला. २४ तासांच्या आत. बीजाणू स्वतः बऱ्यापैकी टिकाऊ असतात. घाई होती ती ओल्या पानाबरोबर आलेल्या बुरशीमुळे. बंद डबीत, प्रवासाच्या उबेत, बुरशी एका दिवसात पानावर चढते, आणि मग बीजाणू तिच्यातून वेगळे काढणं महाकठीण.

इथे नशिबाचा भागही सांगायला हवा. २०१७ मध्ये बेटावरची धावपट्टी खराब झाली आणि मोठ्या विमानांची ती सेवा काही वर्षं बंद पडली. हीच चार रोपं तेव्हा सापडली असती, तर या प्रकरणाचं वेळापत्रक दुसरंच काही झालं असतं.

काचेतली वाढ

क्यूच्या प्रयोगशाळेत विश्वंभरन सरसन, केटी बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर आलेलं काम नेच्याच्या जीवनचक्रातल्या नेमक्या त्या नाजूक टप्प्याचं होतं. निर्जंतुक केलेल्या, क्षार घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर बीजाणू पेरायचे. हे खरं तर तो मोकळा खडक काचेच्या भांड्यात पुन्हा तयार करण्यासारखंच. स्पर्धा नाही, हंसराज नाही, बुरशी नाही, ओल कायमची. डोंगरावर लाखांतला एखादा बीजाणू जिथे पोहोचतो ती जागा इथे प्रत्येकाच्या वाट्याला येते.

अशा भांड्यात एक हिरवट साय दिसायला लागते, मग तिचे पापुद्रे होतात. या पिढीची खुबी अशी की तुकडे केले तर तुकडे वाढतात. म्हणून बीजाणू थोडे असले तरी पापुद्रे भरपूर करता येतात. मग पाण्याचा थर मिळाला की फलन, आणि पापुद्र्याच्या कडेतून वर येणारं पहिलं पान. तेही मोठ्या रोपाच्या पानासारखं नसतं, साधं, पंख्याच्या आकाराचं, ओळखू न येणारं. त्यानंतर काचेतून बाहेर काढून कुंडीत रुळवणं. या पायरीला भल्याभल्यांची रोपं मान टाकतात, कारण काचेतल्या दमट हवेत वाढलेल्या पानाला पाणी धरून ठेवायची सवयच नसते.

२०१० च्या मध्यापर्यंत क्यूमध्ये ६० रोपं उभी होती. चाराचे साठ, वर्षभरात. एका रोपाच्या पानावर असणारे बीजाणू पाहता हा आकडा काही अचाट नाही. पण एकाही रोपाला न उपटता तो आला, हे अचाट आहे.

याच सुमाराला बेटावरही शोध सुरू राहिला आणि आणखी रोपं सापडत गेली, रानातली संख्या ४० च्या आसपास गेली. काय शोधायचं, कुठे शोधायचं हे एकदा डोळ्यांना कळलं की ‘नसलेली’ वनस्पती दिसायला लागते, हा अनुभव रानात फिरणाऱ्या कुणालाही नवा नाही. जातीची नोंद नामशेषमधून अतिसंकटग्रस्तमध्ये आली. २०१४ मध्ये या सगळ्या कामाचा शोधनिबंध लिनियन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात आला, त्यात पुनर्रोपणाचा आराखडाही मांडलेला आहे.

जिथे उरला ते घर होतं का?

पुनर्रोपणाची बात आली की मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड मुद्दा दिसतो. रोपं सापडली कोरड्या, उघड्या कड्यावर. मग नव्या रोपांसाठी तसेच कडे शोधायचे? सरळ विचार तोच सांगतो. पण शेळी जिथे चढू शकली नाही, पेरू जिथे मूळ धरू शकला नाही आणि हंसराजाला जिथे ओल पुरली नाही, तिथे हा नेचा उरला. त्यावरून त्याला ती जागा आवडते असं ठरत नाही. पुरात माणूस झाडावर सापडला म्हणून तो झाडावर राहतो असं कुणी म्हणत नाही. रानातल्या रोपांना पाणी घालावं लागलं, आणि काचेतल्या कायमच्या ओलीत त्याच जातीने भराभर हातपाय पसरले, यातून मला तरी असंच दिसतं की ओलसर जागा त्याला जास्त मानवली असती, फक्त तिथे आज त्याला कुणी उभं राहू देत नाही.

मग ओलसर जागा साफ करून तिथे लावायचा, तर ती साफ ठेवायची किती वर्षं? एकदा लावून मोकळं होण्यातलं हे काम नाही. २००५ मध्ये ग्रीन माउंटन राष्ट्रीय उद्यान झालं आहे, बेटावर रोपवाटिका आहे, काम करणारी माणसं आहेत. पण कायम राहणारी स्थानिक वस्ती या बेटाला नाही. माणसं नोकरीवर येतात आणि जातात. तण काढायचं कसब मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे हातोहातच जातं.

शिवाय परकं ते सगळं उपटा म्हणावं, तर इथे त्यालाही आडकाठी आहे. स्टेनोग्रामिटिस असेन्शनेन्सिस हा बेटाचाच दुसरा प्रदेशनिष्ठ नेचा. बोटभर लांबीचा. तो आज माणसाने लावलेल्या झाडांच्या आणि बांबूच्या शेवाळलेल्या खोडांवर मजेत वाढतो. क्यूने पाठवलेल्या झाडांनी एका नेच्याची जागा घेतली आणि दुसऱ्याला नवी जागा दिली. २००४ मध्ये परिसंस्थांचे अभ्यासक डेव्हिड विल्किन्सन यांनी याच डोंगराचं उदाहरण घेऊन विचारलं होतं की एकत्र कधीच न वाढलेल्या जातींचं, माणसाने जुळवलेलं हे ढगातलं जंगल इतकं सुरळीत चालतं, त्याचा अर्थ काय. त्यावर वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. हिरवं दिसणारं आणि पाणी धरणारं जंगल म्हणजे सगळं ठीक, असं मला वाटत नाही. बेटाच्या १० प्रदेशनिष्ठ जातींपैकी ३ आजही नामशेष धरल्या जातात, त्यातला एक नेचा, ड्रायॉप्टेरिस असेन्शनिस. पण बांबू उपटायला निघालेल्याने आधी त्याच्या खोडावरचं शेवाळ तपासावं, एवढं मी नक्की म्हणेन.

दुसरा धागा जनुकांचा. काचेतली सगळी रोपं अगदी मोजक्या पालकांची. एका पापुद्र्यावर स्वफलन झालं असेल तर ते रोप जनुकीय दृष्ट्या पूर्ण एकसाची. बेटावर आलेल्या पहिल्या बीजाणूनेही हेच केलं असेल, त्यामुळे या जातीला एकसाचीपणा फारसा जड जाऊ नये अशी आशा ठेवायला जागा आहे. तरी नंतर सापडलेल्या प्रत्येक रोपाचे बीजाणू वेगळ्या डबीत, वेगळ्या नावाने ठेवणं परवडतं. ते मिसळून टाकणं परवडत नाही.

राहिलं ते कड्यावरचं रोजचं काम. दोराने उतरणाऱ्या माणसाला सांगितलेलं असतं: हंसराज काढ, पार्सली फर्न ठेव. पानं आलेली असतील तर यात अडचण काहीच नाही, काळा देठ दिसला की ओढायचा. पण हंसराजाचाही बीजाणू आधी पापुद्राच करतो. ओल्या खडकावर कोवळ्या हिरव्या चकत्यांचा एक पट्टा पसरलेला असतो, आणि त्यातल्या कुठल्या चकतीतून काळा देठ येणार, कुठल्या चकतीतून जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं पान, हे भिंग लावूनही त्या वयात सांगता येत नाही. तिथे खुरपं बाजूला ठेवून पहिलं पान ओळखू येईपर्यंत थांबायचं, आणि तोवर हंसराजालाही वाढू द्यायचं.